युद्धमृतांचे स्मरण आणि कॅथीड्रलमधील वृंदगान

कॅथलिक परंपरेत नोव्हेंबर महिना मृतांच्या स्मरणासाठी राखलेला आहे. पहिल्या महायुद्धातील अपार प्राणहानी ध्यानी घेऊन पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९१५ साली प्रत्येक धर्मगुरूस २ नोव्हेंबर रोजी तीन मिस्सा अर्पण करण्याची अनुज्ञा दिली. पुढे ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्धविराम झाल्यामुळे ब्रिटनमधील राष्ट्रीय स्मरणही याच महिन्यात आले.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये १९०१ ते १९२४ या काळात संगीतप्रमुख असलेल्या रिचर्ड टेरी यांनी सोळाव्या शतकातील बहुस्वरी गायनाचे पुनरुज्जीवन केले. त्याच परंपरेतील स्पॅनिश रचनाकार व्हिक्तोरिया याचे सहा स्वरांचे ‘रेक्विएम’ १६०३ मध्ये निवर्तलेल्या सम्राज्ञी मारियेसाठी रचलेले आहे. परंतु त्याच्या प्रार्थनेत पदाचा वा पराक्रमाचा उल्लेख नाही. मृतांसाठी क्षमेची व चिरशांतीची याचना आहे. म्हणूनच ते सामान्य सैनिकाच्या स्मरणासही तितकेच अनुरूप ठरते.