पडद्यावरचा खटला आणि कोर्टातला खटला

टेलिव्हिजनवरच्या मालिकेत कोर्ट आले की न्यायाधीश हातोडा आपटतात, साक्षीदार गीतेवर हात ठेवतो आणि वकीलसाहेब फेऱ्या घालीत भाषण करतात. आपल्या सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात एखादा दिवस जाऊन बसा. हातोडा दिसणार नाही. तो आपल्या देशातल्या कोर्टांत नसतोच. शपथ १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे तोंडी घ्यावयाची, तिला ग्रंथ लागत नाही. बाकी सारा वेळ जातो तो जबानी सावकाश टाइप होण्यात आणि पुढची तारीख पडण्यात. त्याचे नाटक होत नाही, हे मान्य!

पण हातोड्याने कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते कबुलीजबाबाने. १९९८ साली सुरू झालेली 'सी. आय. डी.' ही मालिका आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न समोर उभे राहिले, एखादी चपराक बसली, की गुन्हेगार घडाघडा बोलू लागतो आणि प्रकरण मिटते. कायद्याच्या दृष्टीने खटला तिथे सुरूसुद्धा झालेला नसतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. कारण उघड आहे. मार खाणारा माणूस मार थांबावा म्हणून वाटेल ते कबूल करतो. आरोपीने सांगितल्यावरून विहिरीतून कोयता निघाला, तर तेवढ्यापुरते त्याचे बोलणे चालते. पुरी कबुली द्यायची ती मॅजिस्ट्रेटपुढे. आणि तीही, 'तुमच्यावर सक्ती नाही, हे तुमच्याविरुद्ध वापरले जाऊ शकते' असे त्यांनी आधी बजावल्यावर.

दुसरा गैरसमज वकिलाविषयीचा. 'असल्या माणसाचे वकीलपत्र घेतातच कसे हो?' असे आपण सहज बोलून जातो. निदान सोलापूरकराने तरी असे बोलू नये. १९३० च्या मे महिन्यात या शहरावर मार्शल लॉ पुकारला गेला. पुढे पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिले. सरकारदप्तरी ते खुनी होते. आपण त्यांना चार हुतात्मे म्हणतो. आरोपीच्या बाजूने कोणीतरी उभे राहायला हवे की नको, ते यावरून आपणच ठरवा. ज्याला वकील परवडत नाही त्याच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि कोठडीतला इसम यांना तर उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

या मालिकांनी सर्वांत जास्त घाबरवला आहे तो साक्षीदाराला. वकील आपल्या अब्रूची लक्तरे काढील, या धास्तीने डोळ्यांदेखत घडलेली मारामारीसुद्धा लोक 'पाहिली नाही' म्हणतात. वास्तविक अपमान करण्यासाठीच विचारलेला प्रश्न न्यायाधीश थांबवू शकतात. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा. त्यात कमीपणा नाही. तपासात पोलीस साक्षीदाराची जबानी लिहून घेतात, तिच्यावर सही करायची नसते. आणि हो, येण्याजाण्याचा खर्च सरकारकडून देवविण्याचा अधिकार फौजदारी कोर्टाला आहे. साक्ष झाली की समन्स खिशात घालून तसेच एस. टी. स्टँड गाठू नका. आधी भत्त्याची चौकशी करा.