फोटो नीट, तर निदान नीट



गेल्या खरिपातली गोष्ट. एका शेतकऱ्याने मक्यावरच्या अळीचा फोटो मला मोबाइलवर पाठवला. फोटोत सगळं हिरवं धुकं. अळी आहे एवढंच कळत होतं. मी अंदाजाने ‘खोडकिडा दिसतोय’ असं सांगून मोकळा झालो. चार दिवसांनी बांधावर गेलो, तर ती निघाली लष्करी अळी! तोवर ती पोंग्यात खोल शिरली होती, फवारा तिच्यापर्यंत पोचेना. चूक माझीच, न बघता सांगायला नको होतं. पण तेव्हापासून ठरवलं, फोटो कसा काढायचा हेही गावोगाव सांगायचं.

ही अळी आपल्या देशात २०१८ मध्ये प्रथम आढळली. ओळख सोपी आहे. डोक्यावर उलटा इंग्रजी ‘वाय’ आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. म्हणजे फोटोत अळीची दोन्ही टोकं स्पष्ट दिसली पाहिजेत.

उजेड : सकाळी ८ ते १० ची वेळ चांगली. भर दुपारी पान चकाकून पांढरं पडतं. नाइलाज असेल तर छत्रीची सावली धरा. घरात पिवळ्या दिव्याखाली काढू नका. हिरवं पानही पिवळट दिसतं, आणि आमचं निम्मं निदान पानाच्या रंगावरच असतं.

फोकस : आधी मऊ फडक्याने भिंग पुसा. मोबाइल पानापासून वीतभर लांब धरा, फार जवळ नेला की चित्र पुसट येतं. पडद्यावर अळी दिसते तिथेच बोट टेकवा. झूम ओढू नका.

शटर, छिद्र, आयएसओ : नावांना घाबरू नका. पाटाचं दार आठवा. दार किती उघडलं ते छिद्र, किती वेळ उघडं ठेवलं ते शटर. पाण्याऐवजी इथे उजेड येतो, एवढाच फरक. आयएसओ म्हणजे थोड्या उजेडात भागवायची सोय. पण ती वाढवली की फोटोत रवाळपणा येतो. बहुतेक मोबाइलमध्ये छिद्र ठरलेलंच असतं. ‘प्रो’ सोय असेल तर दिवसा आयएसओ १०० ते २०० ठेवा. वाऱ्याने पान हलत असेल तर शटर १/२५० किंवा त्याहून जलद करा. नसेल तर पान हाताने धरा, कोपर अंगाशी टेकवा.

एका फोटोवर भागत नाही, तीन काढा : शेताचा, पूर्ण झाडाचा आणि रोगट भागाचा जवळून. कारण ऐका. नत्र कमी पडलं की खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. लोह कमी पडलं की शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात. तोडलेल्या एका पानावरून ते पान वरचं की खालचं हे आम्ही कसं सांगणार? जवळच्या फोटोत शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, आकार कळतो.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातले बारकावे कमी होतात. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. सोबत पिकाचं वय, वाण आणि आधी काय फवारलं तेही लिहा.

तरीही शंका राहिली तर आम्हाला बांधावर बोलवा. पण निदान होईपर्यंत पंपात औषध भरू नका!