लाजेपोटी दुखणे वाढवू नका

नाजूक जागी गाठ हाताला लागली की अनेक भगिनी अम्मीलाही सांगत नाहीत. कर्करोगाच्या भीतीने झोप उडते, पण दवाखाना टळतो. बहुतेक वेळा ही गाठ साधीच असते.

योनीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना ओलावा देणाऱ्या बार्थोलिन ग्रंथी असतात. नळी बंद झाली की स्राव साचून एका बाजूला गाठ येते. निदान बहुधा तपासणीनेच होते. लहान, न दुखणाऱ्या गाठीला शस्त्रक्रिया लागत नाही. कोमट पाण्यात बसून शेक घ्यावा. घरी सुईने फोडू नये.

पू झाला, ताप आला, बसवेना, तर थांबू नका. नुसती चीर बुजून गाठ पुन्हा भरते. म्हणून डॉक्टर तिच्या कडा बाहेर शिवून स्रावाला नवी वाट ठेवतात. याने मातृत्वाला बाधा येत नाही. चाळिशीनंतर नवी गाठ आल्यास मात्र तुकडा तपासून कर्करोग नसल्याची खात्री करतात.

यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. महिला डॉक्टर हवी असेल तर तसे निःसंकोच सांगा, पण जा. आणि मातांनो, मुलीने आपणहून सांगण्याची वाट पाहू नका, तुम्हीच विचारा.