भाड्यातून हप्ता फिटतो का?

“सर, भाडं येत राहील, हप्ता जात राहील, तुमच्या खिशाला चाट नाही.” पुण्याच्या आसपास कुठल्याही साइट ऑफिसात बसा, चहाबरोबर हे वाक्य येतंच. त्यावर विसंबून गुंतवणुकीचा पहिला फ्लॅट बुक करणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. हिशेब एका कागदावर मावतो, पण तो मांडून कुणी दाखवत नाही.

तो इथे मांडू. पिंपरी-चिंचवडमधला तयार, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला 60 लाखांचा फ्लॅट धरू. तयार असल्यामुळे जीएसटी नाही. बांधकाम चालू असतं तर साधारणपणे 5 टक्के लागला असता. “बँक सगळं देते” हा पहिला गैरसमज. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी धरत नाहीत. म्हणजे कर्ज 48 लाख. घरचे 12 लाख, 7 टक्क्यांनी मुद्रांक शुल्क 4 लाख 20 हजार, नोंदणी 30 हजार. पंखे, गिझर, दलाली मिळवली की पहिल्याच दिवशी 17 लाखांवर रक्कम घरातून जाते.

आता हप्ता. साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षं मुदत : दरमहा सुमारे 41,650 रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात 34,000 व्याजातच जातात, मुद्दल फिटतं जेमतेम 7,650. भाडं 16,000 धरू. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि वर्षातला एखादा रिकामा महिना वजा केला, तर हातात राहतात महिन्याला 11-12 हजार. उरलेले 30 हजार पगारातून, दर महिन्याला. भाड्याचं निव्वळ उत्पन्न किमतीच्या सव्वादोन टक्क्यांच्या आसपास पडतं. व्याज साडेआठ टक्के आणि भाडं सव्वादोन, ही तफावत पगारानेच भरून काढायची असते.

“पण दहा वर्षांत दाम दुप्पट होतो ना!” होईलही. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण सव्वासात टक्के वाढ. तेवढी झाली असं धरू. भाडंही वर्षाला पाच टक्क्यांनी वाढलं असं समजू. फ्लॅट 1 कोटी 20 लाखांना विकला. तरी बँकेचं कर्ज अजून साडेतेहेतीस लाखांच्या वर बाकी आहे, कारण अर्धी मुदत संपली म्हणून अर्धं कर्ज फिटत नाही. नफ्यावर साडेबारा टक्के भांडवली नफा कर, वर सेस. हाती येतात 79 लाखांच्या आसपास आणि तोवर घरातून गेलेले असतात सुमारे 50 लाख. ढोबळमानाने परतावा वर्षाला सात टक्के. भाव वर्षाला पाच टक्क्यांनीच वाढला, तर हाच परतावा तीन टक्क्यांच्याही आत येतो. कर्ज काढून केलेल्या गुंतवणुकीत भावातला थोडासा फरक असा मोठा होऊन अंगावर येतो.

करबचतीचंही तसंच. नव्या करप्रणालीत भाड्याने दिलेल्या घराचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीतही वर्षाला 2 लाखांचीच मर्यादा आहे.

भाडेकरूशी केलेला अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समजही महाराष्ट्रात चुकीचा आहे. लिव्ह अँड लायसन्स करार कितीही मुदतीचा असो, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची.

फ्लॅट घेऊच नये, असं मी म्हणत नाही. राहायला घेतलेल्या घराचा हिशेब वेगळाच असतो. गुंतवणूक म्हणून घेत असाल आणि महिन्याचे ते 30 हजार सुखाने निघत असतील, भाव चांगला मिळत असेल, तर जरूर घ्या. पण टोकन देण्याआधी दोन कामं करा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीतल्या गेल्या वर्षभरातल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे गोषवारे, काढून प्रत्यक्ष विक्रीचे भाव बघा. आणि संध्याकाळी त्या सोसायटीत जाऊन दोन भाडेकरूंना विचारा, ते खरोखर किती भाडं देतात.