बंद केले म्हणजे काढले का?

शाळेच्या संकेतस्थळाची जबाबदारी ज्या शिक्षकांकडे असते, त्यांच्या ओळखीचा एक आकडा आहे. संकेतस्थळाच्या आतल्या बाजूला प्रवेश केला की यादीतल्या ‘प्लगइन’ या शब्दाशेजारी लाल वर्तुळात तो दिसतो. कधी ९, कधी १४, कधी २३. इतक्या जोडभागांच्या नव्या आवृत्त्या आल्या आहेत, असा त्याचा अर्थ. तो पाहून बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर सगळे जोडभाग निवडून एकदम अद्ययावत करून टाकतात. नाही तर, चालले आहे ते बिघडायला नको, म्हणून वर्षानुवर्षे हातच लावत नाहीत. जुन्नर-आंबेगावसारख्या भागात शाळेचे संकेतस्थळ बहुधा एखाद्या माजी विद्यार्थ्याने, नाही तर नारायणगाव किंवा मंचरच्या कुणा संगणकवाल्याने उभारून दिलेले असते. तो पुढे पुण्याला नोकरीला जातो आणि मागे शिक्षकांच्या वाट्याला हा आकडा उरतो.

हात न लावल्याने काय बिघडते? पुष्कळदा वरवर काहीच नाही. मग कधी तरी एखादा पालक शोधयंत्रात शाळेचे नाव टाकतो आणि शाळेच्या पत्त्याखाली जुगाराच्या किंवा औषधांच्या जाहिराती दिसतात. शिक्षक घाईघाईने संकेतस्थळ उघडून पाहतात, तर सर्व जागच्या जागी. कारण बाहेरून आत शिरलेल्याने ती पाने फक्त शोधयंत्रालाच दिसतील अशी व्यवस्था केलेली असते. हा प्रकार कसा घडतो हे समजून घ्यायचे, तर मुळात प्लगइन कसा काम करतो ते पाहायला हवे.

परिपाठातली मोकळी जागा

शाळेच्या परिपाठाचा क्रम ठरलेला असतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. क्रम शाळेचा, पण ‘बातम्या’ आल्या की सूत्रसंचालक म्हणतो, “ज्याचे नाव लिहिले आहे त्याने पुढे यावे.” कोण येणार, काय वाचणार, हे मूळ क्रमात लिहिलेले नसते. फळ्यावर नाव लिहिले की त्या जागी तो विद्यार्थी येतो. नाव पुसले की परिपाठ त्याच्याविना पुढे जातो.

वर्डप्रेस या प्रणालीचे काम याच रीतीने चालते. ती २००३ साली सुरू झाली आणि आज जगातल्या संकेतस्थळांपैकी ४० टक्क्यांहून अधिक तिच्यावर उभी आहेत. प्लगइनची सोय २००४ मध्ये, तिच्या १.२ या आवृत्तीपासून आली. पान तयार करताना मूळ आज्ञावली ठरावीक जागी थांबते आणि येथे कुणाची नोंद आहे का ते पाहते. प्रवेश-अर्ज दाखवणारा प्लगइन एका जागी नाव नोंदवून असतो, छायाचित्रांचा दुसऱ्या जागी. एकाच जागी दोघांचे नाव असेल, तर त्यांच्या प्राधान्यक्रमाप्रमाणे एकामागून एक काम होते. मूळ आज्ञावलीला हात न लावता तिच्यात नवी कामे घालता येतात, हे या रचनेचे मोठे सामर्थ्य आहे.

परिपाठाशी तुलना एका ठिकाणी मात्र तुटते. बातम्या वाचणाऱ्या मुलाकडे शाळेच्या किल्ल्या नसतात. प्लगइनकडे त्या असतात, आणि सगळ्या असतात. एकदा जोडला की तो मूळ आज्ञावलीच्याच अधिकाराने चालतो. मुखपृष्ठावर नुसते घड्याळ दाखवणारा प्लगइनही साऱ्या फाइलींपर्यंत आणि विदेच्या सर्व कोष्टकांपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून संकेतस्थळाची मजबुती त्यातल्या सर्वांत निष्काळजीपणे लिहिलेल्या प्लगइनइतकीच असते. बिनकामाचा प्लगइन म्हणजे बिनकामाचा धोका. (वर्डप्रेसबरोबरच एक गमतीचा प्लगइन येत आला आहे. ‘हॅलो, डॉली’ या गाण्याच्या ओळी कोपऱ्यात दाखवणे एवढेच त्याचे काम! तो निरुपद्रवी आहे हे खरे, तरी तोही कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षे जागा अडवून असतो.)

नवी आवृत्ती कशासाठी

नवी आवृत्ती कधी नव्या सोयीसाठी येते, कधी मूळ प्रणालीत झालेल्या बदलांशी जुळवून घेण्यासाठी. परंतु सर्वांत निकडीचे कारण म्हणजे सापडलेले भगदाड बुजवणे. येथे एक उलटा परिणाम घडतो, तो ध्यानात घेण्यासारखा आहे. या प्लगइनांच्या आज्ञावली सर्वांना वाचण्यास खुल्या असतात. दुरुस्त आवृत्ती आली की जुनी आणि नवी शेजारी शेजारी ठेवून, कोणत्या ओळी बदलल्या हे कुणालाही पाहता येते. म्हणजे भगदाड नेमके कोठे होते, याचा नकाशाच प्रसिद्ध होतो! ज्यांनी दुरुस्ती केली ते सुरक्षित होतात. ज्यांनी केली नाही त्यांचा धोका मात्र त्या दिवसापासून वाढतो.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘फाइल मॅनेजर’ नावाच्या प्लगइनचे प्रकरण गाजले. तो ७ लाखांहून अधिक संकेतस्थळांवर होता. त्याच्या लेखकांनी दुसऱ्या एका तयार आज्ञासंचाचा उपयोग केला होता. त्या संचातली एक नमुना फाइल, खरे तर चालू न शकणाऱ्या नावाने ठेवलेली, चालू शकेल अशा नावाने प्लगइनमध्ये आली. तिचा पत्ता ठाऊक असलेला कोणीही, परवलीचा शब्द न देता, त्या संकेतस्थळावर आपल्या फाइली चढवू शकत होता. ६.९ या आवृत्तीत ती फाइल काढून टाकण्यात आली, पण तोवर हल्ले सुरू झालेले होते.

या प्रकरणातला बारकावा असा, की ती फाइल थेट तिच्या पत्त्याने हाक मारून चालवता येत होती. मूळ आज्ञावलीला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. मग प्लगइन ‘निष्क्रिय’ करून काय साधते? निष्क्रिय करणे म्हणजे फळ्यावरचे नाव पुसणे. पाने तयार होताना त्याला कोणी बोलावत नाही, परंतु त्याच्या फाइली सेवासंगणकावर जशाच्या तशा असतात, आणि अशी एखादी फाइल बाहेरून हाक आली की उठते. फाइली जातात त्या ‘हटवा’ हे बटण दाबल्यावरच. ‘लागला तर असू दे’ म्हणून निष्क्रिय करून ठेवलेले पाच-सहा प्लगइन आमच्या पाहण्यातल्या बहुतेक संकेतस्थळांवर सापडले आहेत, आणि ते निष्क्रिय असल्यामुळे त्यांना कोणी अद्ययावतही करत नाही.

यावरून नवे ते सारे डोळे मिटून घ्यावे, असा अर्थ मात्र निघत नाही. ‘डिस्प्ले विजेट्स’ हा सुमारे २ लाख संकेतस्थळांवरचा प्लगइन २०१७ मध्ये मूळ लेखकाकडून दुसऱ्या मालकाकडे गेला, आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांमधून संकेतस्थळावर बाहेरचा मजकूर घुसवणारा चोरदरवाजा आला. त्या वेळी लाल आकडा पाहून तत्परतेने अद्ययावत करणारेच फसले. पुढे तो प्लगइन अधिकृत यादीतून काढून टाकण्यात आला. आता गंमत पाहा: यादीतून काढलेल्या प्लगइनची नवी आवृत्ती येत नाही, म्हणून आकडाही दिसत नाही. लाल वर्तुळ नसणे म्हणजे सारे ठीक असणे, असे समजता येत नाही ते यामुळे.

खोडदची रीत

चालत्या यंत्रणेतले भाग ती बंद न पाडता कसे बदलावेत, याचे एक मोठे उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, २००२ पासून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना निरीक्षणांसाठी खुली आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मुलांना घेऊन तेथे गेलेले शिक्षक वाचकांत असतीलच. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी एकमेकींजवळ आणि १६ तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. २०१० नंतरच्या दशकात तिचे मोठे अद्ययावतीकरण झाले. पूर्वी ती एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा टिपत असे. आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा टिपते.

हे करताना दुर्बीण काही वर्षे बंद ठेवणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून नवी यंत्रणा जुनीच्या शेजारी उभी करण्यात आली. अँटेनापासून मध्यवर्ती इमारतीपर्यंत संकेत प्रकाशीय तंतूंतून येतात. नव्या संकेतांसाठी प्रकाशाच्या वेगळ्या तरंगलांबी वापरल्या, त्यामुळे जुने आणि नवे संकेत बरोबरीने येऊ शकले. अँटेनांवरचे ग्राहक टप्प्याटप्प्याने बदलले. एकाच उगमाचे निरीक्षण दोन्ही मार्गांनी घेऊन ताडून पाहता येते, हा या रीतीचा खरा फायदा.

आणखी एक गोष्ट अनुकूल होती. दुर्बिणीत प्रत्येक दोन अँटेनांच्या संकेतांचा मेळ घातला जातो. ३० अँटेनांच्या जोड्या ३० × २९ ÷ २, म्हणजे ४३५ होतात. दोन अँटेना कामासाठी बंद ठेवल्या तर २८ × २७ ÷ २ = ३७८ जोड्या उरतात. सुमारे १३ टक्के नुकसान. दुर्बीण चालूच राहते. संकेतस्थळ मात्र एकच असते. तेथे ‘बाकीच्या २८’ नसतात. म्हणून त्याची एक प्रतिकृती बाजूला उभी करून बदल आधी तिच्यावर करून पाहायचे. पुष्कळ सेवादाते ही सोय देतात. नसेल तर शाळेच्या एखाद्या संगणकावरही ती करता येते.

काही भाग काढताना किंमत मोजावी लागते, हेही खोडदला दिसते. जुन्या रचनेत २३३ आणि ६१० मेगाहर्ट्झ या दोन वारंवारतांवर एकाच वेळी निरीक्षण करता येई, कारण दोन्हींचा ग्राहक एकत्र होता. त्या जागी ५५० ते ८५० मेगाहर्ट्झचा रुंद ग्राहक आला आणि एकाच वेळी दोन्हीकडे पाहण्याची ती सोय गेली. रुंद पट्ट्याचा लाभ मोठा होता, म्हणून हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. पण तो निर्णय होता, विचार करून घेतलेला.

एका वेळी एक

अँटेनांच्या जोड्यांचे सूत्र प्लगइनांनाही लागू पडते. प्रत्येक प्लगइन एकटा नीट चालत असला तरी दोघांचे आपसांत पटत नाही, असे होते. १० प्लगइनांच्या ४५ जोड्या होतात. २० झाले तर १९०. संख्या दुप्पट झाली की भांडणाच्या शक्यता चौपटीहून अधिक होतात. चौदा प्लगइन एकदम अद्ययावत केले आणि पान कोरे दिसू लागले, तर दोष कोणाचा हे कसे कळणार?

तेव्हा क्रम साधा ठेवावा. आधी फाइली आणि विदा या दोन्हींची प्रत घ्यावी आणि ती त्याच सेवासंगणकावर न ठेवता दुसरीकडे ठेवावी. नुसत्या फाइलींची प्रत घेऊन समाधान मानणारे बरेच आढळतात, पण सूचना, निकाल, लेख हे सारे विदेच्या कोष्टकांत असते. ती प्रत परत उभी राहते का, हे एकदा करून पाहावे. मग प्रतिकृतीवर एकेक प्लगइन अद्ययावत करावा; भगदाड बुजवणारी आवृत्ती असेल तिला पहिला मान. प्रत्येक वेळी महत्त्वाची चार पाने उघडून पाहावीत, त्यांतले एक तरी भ्रमणध्वनीवर, कारण पालक तेथूनच पाहतात. प्रवेशाच्या किंवा निकालाच्या आठवड्यात हे काम काढू नये. २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून प्लगइन आपोआप अद्ययावत करण्याची सोय वर्डप्रेसमध्ये आहे. ज्या शाळेत पाहणारे कोणीच नाही, तेथे ती चालू ठेवणे हेच आम्हाला कमी धोक्याचे वाटते.

काढताना निष्क्रिय करून दोन-तीन दिवस पाहावे आणि मग हटवावे. येथेही काम संपत नाही. फाइली गेल्या तरी प्लगइनने विदेत तयार केलेली कोष्टके जातीलच असे नाही; हटवताना आपला पसारा आवरण्याची आज्ञा लेखकाने लिहिली असेल तरच ती जातात. काही लेखक मुद्दाम ती लिहीत नाहीत, कारण तोच प्लगइन पुन्हा बसवला तर जुनी माहिती मिळावी. छायाचित्रांच्या प्लगइनचा पसारा म्हणजे पानांत ठिकठिकाणी उरलेले चौकोनी कंसांतले निरर्थक शब्द. अर्जांच्या प्लगइनचा पसारा वेगळा असतो: त्याच्या कोष्टकात मुलांची नावे, जन्मतारखा आणि पालकांचे दूरध्वनी क्रमांक असू शकतात. प्लगइन यादीतून दिसेनासा झाल्यावर ते कोष्टक आहे हेच कोणाला आठवत नाही. ते हटवण्याआधी नव्हे, तर अर्ज घेतानाच, ही माहिती कुठे साठते हे उभारणाऱ्याला विचारून लिहून ठेवणे बरे.

बिघाड झालाच, तर दोषी शोधण्याची रीत वर्गात चिठ्ठ्यांवर करून दाखवता येते. १६ चिठ्ठ्या घ्याव्यात, एकीवर आतून खूण करावी. निम्म्या चिठ्ठ्या ‘चालू’ ठेवून “बिघाड दिसतो का?” असे विचारावे. ज्या निम्म्यात दिसतो त्यांचे पुन्हा निम्मे. १६, ८, ४, २, १: चार प्रश्नांत चिठ्ठी सापडते.

मग दोन चिठ्ठ्यांवर खूण करावी आणि नियम बदलावा: दोन्ही चालू असल्या तरच बिघाड. आता पहिल्याच निम्म्या-निम्म्या वाटणीत खुणेच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या बाजूंना जाण्याची शक्यता १५ पैकी ८ आहे, आणि तसे झाले की दोन्ही निम्मे ‘ठीक’ असे उत्तर येते. पुढचा प्रश्न काय विचारायचा, हे मुलांना शोधू द्यावे. फारच अडले तर सांगावे, की एक निम्मा भाग पूर्ण चालू ठेवून दुसऱ्याचे तुकडे करून पाहा.