कोणता मॉनिटर 'चांगला'? संशय, प्रयोजन आणि निर्णय



ज्यांचे आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेले त्यांनी संगणकाच्या मॉनिटरवर व्याख्यान द्यावे, याचे काहींना हसू आले असेल. विषय सुचला तेव्हा आम्हालाही आले होते. पण झाले असे. आमचा नातू पुण्याच्या एका कंपनीचे काम इथे हिंगोलीत घरी बसून करतो. दिवसा काम, रात्री गेम. दीड वर्ष पैसे साठवून त्याने ठरवले की रुंद, वळणदार असा ओलेड मॉनिटर घ्यायचा. तीन मॉनिटर निवडले आणि महिनाभर त्या तिघांतच अडकून पडला. रात्री एक व्हिडिओ पाहायचा, एक मत व्हायचे. सकाळी दुसरा पाहायचा, मत फिरायचे. शेवटी म्हणाला, "आबा, तुम्ही तरी सांगा, कोणता घेऊ?" आम्ही पेपरातून डोके वर न काढता म्हणालो, "तिन्हीत चांगला असेल तो घे." तो म्हणाला, "आबा, तेच तर विचारतोय!"

पोरगा बरोबर होता. आमचे उत्तर ऐकायला शहाणपणाचे, पण आतून पोकळ. लाखाच्या आसपासची वस्तू, त्याची दीड वर्षाची बचत, आणि आम्ही त्याला एक रिकामा शब्द दिला. तो शब्द भरायचा कसा, एवढाच आजचा विषय.

आता बघा, "पांढरा बैल" म्हटले की त्याची दोन वाक्ये होतात: हे जनावर बैल आहे, आणि ते पांढरे आहे. पण "चांगला बैल" म्हटले तर? नांगराला चांगला की शंकरपटात पळायला चांगला? नांगराचा उत्तम बैल पटात शेवटचा येईल, आणि तरी तो वाईट ठरत नाही. पीटर गीच नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५६ साली एका छोट्या निबंधात हाच भेद मांडला. 'चांगला' हे विशेषण एकटे उभे राहत नाही. कशाचा, कशासाठी, हे कळल्याशिवाय त्याला अर्थच येत नाही.

आपल्याकडे हे फार आधी ओळखले गेले. गौतमाच्या न्यायसूत्रांत सुरुवातीलाच सोळा पदार्थ मोजले आहेत. प्रमाण, प्रमेय, त्यानंतर तिसरा संशय, चौथा प्रयोजन. निर्णय येतो नवव्या क्रमांकावर. म्हणजे संशय आला की लगेच निर्णय नाही. आधी प्रयोजन विचारा. आमचा नातू काय करत होता? तिसऱ्यावरून थेट नवव्यावर उडी मारत होता आणि दर वेळी खाली पडत होता.

मग आम्ही दोघे वही घेऊन बसलो. आधी प्रमेय, म्हणजे वस्तू काय आहे ते समजून घेतले. आपल्या घरच्या साध्या एलसीडी पडद्यामागे एक दिवा असतो. पुढे छोटी छोटी दारे असतात, ती उघडतात आणि मिटतात. दार कितीही घट्ट मिटले तरी थोडा उजेड झिरपतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत त्या पडद्यावरची रात्र काळी दिसत नाही, राखाडी दिसते. ओलेडमध्ये मागे दिवाच नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो, कार्बनी संयुगांच्या पातळ थरातून वीज गेली की. वीज थांबली, पिक्सेल विझला. तिथे खरा काळोख. पिक्सेलचा रंगही क्षणात बदलतो, त्यामुळे पळणारी वस्तू फरफटल्यासारखी दिसत नाही. गेम खेळणाऱ्यांना याचे वेड लागते ते उगीच नाही.

या ओलेडची दोन घराणी आहेत. एलजीच्या घराण्यात पांढरा उजेड तयार करून त्यावर लाल, हिरवी, निळी गाळणी बसवतात, आणि जोडीला एक पांढरा ठिपका मोकळा ठेवतात. सॅमसंगच्या घराण्यात मूळ उजेड निळा. 'क्वांटम डॉट' नावाचे अतिसूक्ष्म कण त्यातल्या काही भागाचे लाल आणि हिरव्यात रूपांतर करतात. याला क्यूडी-ओलेड म्हणतात. रंग भडक उजेडातही गडद राहतात, ही त्याची ताकद.

आता ते तीन उमेदवार. पहिला डेलच्या एलियनवेअरचा, २०२२ साली आलेला, ३४ इंची, क्यूडी-ओलेड. रुंदीत ३४४० आणि उंचीत १४४० पिक्सेल, सेकंदाला १७५ चित्रे. दुसरा एलजीचा, २०२३ मध्ये बाजारात आलेला, ४५ इंची. पिक्सेल तेवढेच, पण सेकंदाला २४० चित्रे. तिसरा सॅमसंगचा ओडिसी जी-९, हाही २०२३ चा, ४९ इंची, ५१२० बाय १४४०, सेकंदाला २४०. पहिल्याच्या पुढच्या आवृत्त्या आल्या, बाकीच्यांच्याही आल्या. पण प्रश्न तेच आहेत, म्हणून हेच तिघे घेऊ.

कागदावर काय दिसते? मोठा आकडा जिंकतो. ४५ हे ३४ पेक्षा मोठे, २४० हे १७५ पेक्षा मोठे. मित्रहो, इथेच फसगत आहे. आकडा खोटा नसतो. पण तो कोणत्या अटीवर खरा आहे, ते सोबत लिहिलेले नसते.

पहिला आकडा इंचांचा. ३४ इंचांत आणि ४५ इंचांत पिक्सेल सारखेच, सुमारे साडेएकोणपन्नास लाख. म्हणजे तेवढीच कणीक, पोळी मोठी लाटली; ती पातळ होणारच. पहिल्यात एका इंचात जवळपास ११० पिक्सेल बसतात, दुसऱ्यात ८३ च्या आसपास. नातू पडद्यापासून ७० सेंटिमीटरवर बसतो. तेवढ्या अंतरावर निरोगी डोळ्याला सुमारे ०.२ मिलिमीटरचा फरक कळतो. ४५ इंचीचा एक पिक्सेल ०.३ मिलिमीटरचा. गेममधल्या डोंगरदऱ्यांत ते जाणवणार नाही, पण बारीक अक्षरांच्या कडा दातेरी दिसतील. तोच पडदा मीटरभर लांब ठेवला तर तक्रार संपते. म्हणजे दोष पडद्यात नाही, अंतरात आहे.

दुसरा आकडा चित्रांचा. सेकंदाला ६० चित्रे असली तर एक चित्र जवळपास १६.७ मिलिसेकंद टिकते, १७५ असली तर ५.७, आणि २४० असली तर ४.२. साठावरून पावणेदोनशेवर गेलात तर ११ मिलिसेकंद वाचले. तिथून २४० वर गेलात तर फक्त दीड. पुन्हा, चित्रे मॉनिटर काढत नाही, तो दाखवतो. काढते ते ग्राफिक्स कार्ड. ४९ इंचीत ७३ लाखांहून अधिक पिक्सेल, म्हणजे कार्डाला दीडपट काम. कार्ड सेकंदाला ९० चित्रेच काढत असेल तर २४० हा आकडा खोक्यावरच राहिला.

तिसरा आकडा उजेडाचा. पहिल्या मॉनिटरवर १००० निट लिहिलेले असते. पण तो उजेड पडद्याच्या अगदी लहान भागापुरता, सूर्य किंवा ठिणगी दाखवताना. कंपनीने त्याचा नेहमीचा उजेड २५० निट दिला आहे. पूर्ण पांढरे पान उघडले की ओलेडला आवरते घ्यावे लागते, नाहीतर तो तापेल.

आणि चौथी गोष्ट, जिचा आकडा कुणी छापत नाही. ती म्हणजे तुमची खोली. आपल्या मोंढ्यात हळदीचा जाणकार काय करतो? हळकुंड मोडतो आणि उजेडात धरून आतला रंग बघतो. अंधाऱ्या गोदामात भाव ठरवत नाही. इथे उलटे होते. दुकानात अंधार करून, काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत मासे फिरवून मॉनिटर दाखवतात. त्यात प्रत्येक ओलेड सुंदरच दिसतो. त्या काळातल्या क्यूडी-ओलेडमध्ये बाहेरचा उजेड शोषणारा ध्रुवक थर नाही, त्यामुळे भरपूर उजेडाच्या खोलीत त्याचा काळा रंग राखाडी, जरा जांभळट दिसतो. एलजीचा तिथे अधिक काळा राहतो. अंधार केला की हा फरक मिटतो. म्हणून तुमच्या खोलीत ट्यूबलाइट कुठे आहे, खिडकी कुठे आहे, हे आधी बघा.

अक्षरांचेही तसेच. विंडोज अक्षरे गुळगुळीत करते ते लाल, हिरवा, निळा असे ठिपके एका ओळीत आहेत असे धरून. क्यूडी-ओलेडमध्ये ते त्रिकोणात मांडलेले, एलजीत चौथा पांढरा मध्ये घुसलेला. त्यामुळे दोन्हीकडे अक्षरांच्या कडांना रंगाची झालर दिसू शकते. पुढच्या आवृत्त्यांत हे कमी झाले आहे, पण दिवसभर वाचणाऱ्याने तपासून घ्यावे.

आता सगळ्यात मोठी भीती, बर्न-इन. ओलेडचा पिक्सेल जळतो तेवढा झिजतो. एकच पट्टी रोज आठ तास एकाच जागी दिसत राहिली, की तिथले पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा आधी म्हातारे होतात आणि पट्टीची सावली कायमची राहते. डेलने त्या मॉनिटरच्या तीन वर्षांच्या वॉरंटीत बर्न-इन धरल्याचे जाहीर केले होते. तरी विकत घेताना आपल्या बिलावर कोणती अट आहे ते वाचा. एखाद्या महा ई-सेवा केंद्रात दिवसभर एकाच पोर्टलची तीच चौकट उघडी असते. तिथे ओलेड लावणे म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणे.

आणखी एक खास आपल्याकडची गोष्ट सांगतो. हे मॉनिटर काही तास वापरले की बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये, आपल्या पिक्सेलची झीज मोजतात आणि सावरतात. त्याला थोडा वेळ वीज लागते. आपली सवय काय? झोपताना बोर्डावरचे बटण खट्कन बंद करायचे. त्यात भारनियमन. बिचाऱ्याला औषध घ्यायलाच वेळ मिळत नाही! तेव्हा मॉनिटर घेणार असाल तर इन्व्हर्टरचा खर्च हिशेबात धरा आणि घरातल्यांना बटणाचे सांगून ठेवा. आमच्या घरी बटण बंद करणारे आम्हीच होतो, हे कबूल करतो.

इतके झाल्यावर आम्ही नातवाला प्रयोजन विचारले. गेम कोणते? म्हणाला, गोष्टीचे, सावकाश खेळायचे, स्पर्धेचे नाहीत. कधी? रात्री दहानंतर, दिवा मालवून. दिवसा काय? कोड आणि मेल. खिडकी? पाठीमागे, पश्चिमेची. कार्ड? मध्यम. टेबल? इथे तो थांबला. टेबल कुणी मोजलेच नव्हते. टेप लावला, तीन फूट, म्हणजे ९१ सेंटिमीटर. ४९ इंची मॉनिटर सुमारे १२० सेंटिमीटर रुंद, ४५ इंची ९९ च्या आसपास. महिनाभराचा वाद टेपने दोन मिनिटांत सोडवला. दोघेही तिथे मावतच नव्हते!

पण टेबल बदलता आले असते, म्हणून त्यावर थांबलो नाही. अंतर ७० सेंटिमीटर, कार्ड मध्यम, खेळ सावकाश. तिन्ही उत्तरे ३४ इंचीकडेच बोट दाखवत होती. खेळ रात्रीचा, तेव्हा काळ्या रंगाच्या जांभळटपणाचा प्रश्न नाही. राहिले दिवसाचे काम. त्यासाठी जुना २४ इंची एलसीडी बाजूला ठेवायचा, ओलेड दिवसा बंद. निर्णय झाला. आणि हा निर्णय त्याच्यापुरता, बरं का. ज्याला मोटारींच्या शर्यती खेळायच्या आहेत, मीटरभर लांब बसायचे आहे आणि कार्ड दणकट आहे, त्याला ४५ इंची चांगला. ज्याला दोन पडद्यांऐवजी एकच लांब पडदा हवा, त्याला ४९ इंची. ज्याच्या पडद्यावर दिवसभर तोच तक्ता उघडा, त्याला कोणताच ओलेड नको.

न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य कळावे म्हणून बोलणे तो वाद. जिंकण्यासाठी बोलणे तो जल्प. स्वतःची बाजूच नाही, फक्त दुसऱ्याची मोडायची, ती वितंडा. कंपन्यांच्या नावाने जे भांडण चालते त्यात पहिला प्रकार क्वचितच सापडतो. कारण दोघे भांडणारे वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या अंतरावर बसलेले असतात आणि एकमेकांची खोली विचारत नाहीत.

शेवटी एक शंका, जी नातवानेही काढली होती: "थोडे थांबलो तर याहून चांगला येईल ना?" येईलच. आलाही. २०२५ मध्ये एलजीने ४५ इंचीत ५१२० बाय २१६० पिक्सेल दिले. अक्षरांची तक्रार मिटली. पण पिक्सेल झाले एक कोटी दहा लाख, आणि कार्डाचे काम सव्वादोनपटीच्या घरात. हर्बर्ट सायमन यांनी माणसाच्या निवडीचा अभ्यास केला, त्यांना १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे सांगणे असे, की सर्वोत्तम शोधत बसण्याइतका वेळ आणि माहिती माणसाकडे नसते. तो आपल्या गरजेची एक रेषा आखतो आणि जे ती ओलांडेल ते घेतो. रेषा मात्र आधी आखावी लागते. ती आखलेली असेल तर थांबायचे की घ्यायचे, हेही तिच्यावरूनच कळते.

नातवाच्या खोलीत तो मॉनिटर आता आहे. झीज होईल का, तीन वर्षांनी सावली उमटेल का, हे आज सांगता येत नाही. पण परवा कुणी त्याला विचारले, "हाच का घेतलास?" तेव्हा त्याने आकडे सांगितले नाहीत. म्हणाला, "मी रात्री खेळतो, आणि माझे टेबल तीन फुटांचे आहे." आम्हाला वाटले, आमचे रिकामे उत्तर त्याने भरून दिले.