मालाची बोट, सॅकवाले प्रवासी

दक्षिण चिलीत रस्ता मध्येच संपतो. पुएर्तो मोंतहून निघणारा कारेतेरा आउस्त्राल हा महामार्ग, वाटेतल्या फेऱ्या धरून, सुमारे साडेबाराशे किलोमीटर दक्षिणेला जातो आणि व्हिया ओ'हिगिन्स या गावी थांबतो. पुढे दक्षिण पॅटागोनियाचे हिमक्षेत्र आडवे येते. त्याची लांबी साडेतीनशे किलोमीटर आहे. मागाय्यानेस हा देशाचा अगदी दक्षिणेकडचा प्रांत गाठायचा तर एकतर अर्जेंटिनातून वळसा घालायचा, नाहीतर समुद्र धरायचा. ट्रक, सिमेंट, भाजीपाला, गुरे अशी वाहतूक करणारी नाव्हिमाग कंपनीची पुएर्तो मोंत ते पुएर्तो नातालेस ही बोट याच अडचणीतून चालू राहिली. प्रवासी त्या मालाच्या जोडीने जात. पाठीवर सॅक टाकून हिंडणाऱ्यांनी तिला जगभर नाव मिळवून दिले, तरी बोटीचे पोट भरते ते ट्रकांवर.

प्रवास साधारण तीन रात्रींचा, अंतर दीड हजार किलोमीटरच्या आसपास. खालच्या डेकवर ट्रक साखळ्यांनी जखडलेले असतात. वर स्वस्तातले प्रवासी पडदा लावलेल्या बंकांवर झोपतात, न्हाणीघर सामाईक. जेवण भाड्यातच धरलेले असते आणि ताट हातात घेऊन रांगेत उभे राहावे लागते. मोबाइलला बहुतेक वाटेवर रेंज नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी एकमेकांकडे न पाहणारे लोक दुसऱ्या दिवशी पत्त्यांच्या डावात भांडू लागतात. ट्रकचालक मात्र बहुतेक वेळ झोपा काढतात. त्यांना हा देखावा पाठ असतो.

सुरुवातीच्या वाटेवर बाहेरची बेटे लाटा अडवून धरतात, म्हणून पाणी शांत. खरी परीक्षा पेनास आखातात. इथे बेटांची भिंत तुटते आणि बोट काही तास उघड्या पॅसिफिकच्या तोंडी सापडते. बोट लागण्यावरची गोळी आखात येण्याआधीच घ्यायची असते. ओकाऱ्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. जेवणघरातली गर्दी त्या वेळी एकदम ओसरते. याच आखाताच्या काठी मे 1741मध्ये 'वेजर' हे इंग्रजी आरमारी जहाज फुटले. बंड करून निघालेल्या खलाशांपैकी काही जण मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून ब्राझीलला पोहोचले. कप्तान आणि जॉन बायरन (कवी बायरनचे आजोबा) यांच्यासह मोजके लोक मागे राहिले. त्यांना चोनो या तिथल्या आदिवासींनी होड्यांतून उत्तरेला, चिलोए बेटापर्यंत नेले.

आखाताच्या दक्षिणेला मेसिये खाडी लागते. ती काही ठिकाणी तेराशे मीटरहून खोल आहे, पण मधूनच खडक वर येतात. अशाच एका उथळ्यावर 1889मध्ये 'कोतोपाक्सी' ही आगबोट बुडाली आणि उथळ्याला तिचे नाव पडले. 1968मध्ये 'कॅप्टन लिओनिदास' हे मालवाहू जहाज तिथेच रुतले. ते बुडाले नाही. गंजलेला सांगाडा ताठ उभा राहिला आणि पक्ष्यांनी त्यात घरटी केली. कप्तानाने जहाजावरची साखर परस्पर विकून विम्यासाठी जहाज मुद्दाम उथळ्यावर घातले, अशी गोष्ट बोटीवर हमखास ऐकायला मिळते.

त्यापुढची आंगोस्तुरा इंग्लेसा ही चिंचोळी वाट एका वेळी एकाच मोठ्या जहाजापुरती. ती ओलांडली की वेलिंग्टन बेटावरचे पुएर्तो एदेन येते. गावात मोटार नाही, रस्ताही नाही. घरांना जोडणाऱ्या लाकडी पायवाटा पावसाने कायम ओल्या. मोठी बोट नांगर टाकते आणि गावातल्या होड्या तिला येऊन भिडतात. पोती, गॅसच्या टाक्या, माणसे यांची चढउतार चालते. इथली खास चीज म्हणजे 'चोल्गा', आपल्याकडच्या शिणाण्यांचा मोठा भाऊबंद; धुरावर सुकवून तो दोरीत ओवतात.

कावेस्कार लोक या खाड्यांत हजारो वर्षे होडीतच संसार करत. होडीच्या तळाशी मातीचा थर देऊन त्यावर विस्तव जागता ठेवत आणि अंगाला समुद्रसिंहाची चरबी फासत. बाहेरून आलेल्या रोगांनी त्यांची संख्या फार घटवली. विसाव्या शतकात उरलेली बरीच कुटुंबे पुएर्तो एदेनला स्थिरावली. तिथे 1930च्या दशकापासून हवाई दलाचे ठाणे होते. कावेस्कारांची भाषा अस्खलित बोलणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. चार दिवसांच्या या वाटेवर सर्वात जुने रहिवासी तेच, आणि बोटीवरच्या माहितीच्या तासात त्यांच्या वाट्याला पेंग्विनांपेक्षा कमी मिनिटे येतात.

शेवटची अडचण किर्के खिंडीची. शंभर मीटरहूनही अरुंद असलेल्या या वाटेत भरती-ओहोटीचा ओढा जबर, म्हणून पाणी थबकण्याची वेळ साधूनच बोट आत शिरते. वारा जास्त असेल तर बाहेरच ताटकळते. नातालेसहून पुढची बस किंवा विमान त्याच दिवशीचे ठरवणे म्हणूनच धोक्याचे. तोर्रेस देल पाइने राष्ट्रीय उद्यानाला जाणारे सॅकवाले नातालेसला उतरतात.

नोव्हेंबर ते मार्च हा सोयीचा हंगाम; तरी या काळातही पाऊस आणि वारा चुकत नाहीत. कमी दिवस हाताशी असणाऱ्यांसाठी कारेतेरा आउस्त्रालच्या दक्षिण टोकाजवळच्या युंगाय बंदरातून पुएर्तो एदेनमार्गे नातालेसला जाणारी दुसरी फेरीही आहे. तिला दोन दिवसांपेक्षा कमी वेळ लागतो, पण बंक नसतो. मागे कलणाऱ्या खुर्चीतच रात्र काढावी लागते. या वाटेत पेनास आखात मात्र टळते.